नावापुढे काय लिहायचं

आमच्या बिल्डिंगमधल्या सात घरांच्या चाव्या माझ्याकडे आहेत. दारामागच्या फळीला सात खिळे, प्रत्येक खिळ्याला एक चावी, आणि कुठली कुणाची हे न लिहिता मला पाठ. मी ह्या चाव्या मागितल्या नव्हत्या. नोकरी सोडून घरी आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्या यायला लागल्या. "तू काय, घरीच असतेस ना," असं म्हणत एकेक जण चावी हातात ठेवून गेलं, आणि मला कुणाला तोंडावर नाही म्हणायला कधी जमलेलं नाही. नंतर ओट्याशी भांडी आपटते, ते वेगळं.

चाव्यांचं कारण पाणी. आमच्या मनवेलपाड्यात पाणी येतं दिवसातून एकदा, आणि आलं तरी आधी खालची टाकी भरणार, मग वरची, मग वॉचमन व्हॉल्व्ह सोडणार. ते सकाळी सहाला होईल की दुपारी एकला, हे कुणीच सांगू शकत नाही. मग काय होतं, पहाटे उठून माणूस नळ उघडतो. नळ नुसता फुसफुसतो. माणूस खाली बादली लावतो, डबा भरतो, घड्याळ बघतो आणि ऑफिसला पळतो. नळ तसाच उघडा. दुपारी पाणी आलं की बादली भरते, मोरी तुंबते, आणि दाराखालून जिन्यावर धार लागते. चिंचोटीचा धबधबा बघायला लोक पावसाळ्यात कुठून कुठून येतात, आमच्याकडे तो बारा महिने तिसऱ्या मजल्यावर असतो. म्हणून चाव्या माझ्याकडे. पाणी आलं की मी सात घरं फिरते, उघडे नळ बंद करते, पिंपं भरते, आणि प्रत्येक घरात मनातल्या मनात त्या-त्या माणसाला वेंधळा म्हणते.

खरं तर मी घरी बसलेली नव्हते. म्हणजे बसलेलीच असायचे, पण हॉलमध्ये चटईवर, सुईदोरा घेऊन. मी पुस्तकं बांधते. फाटलेल्या पोथ्या, शाळेच्या लायब्ररीतली सुटलेली पुस्तकं, चर्चमधली गाण्यांची पुस्तकं, कुणाच्या आईची पाककृतींची वही. पानं सोडवायची, फाटलेली जोडायची, पुन्हा शिवायची, मैद्याची खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. हे मला वसईतल्या एका म्हाताऱ्या बाइंडरने शिकवलं. दोन वर्षं दर रविवारी मी त्यांच्याकडे जात होते. त्यांच्या डोळ्यांनी काम सोडलं तेव्हा त्यांनी आपल्या सुया आणि पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी दाब मला देऊन टाकला, आणि मी सतरा वर्षांची विमा कंपनीतली नोकरी सोडली.

का सोडली, ह्याचं धड उत्तर मला आजही देता येत नाही. सासूबाईंना मी कंबर दुखते असं सांगितलं. मैत्रिणींना, स्वतःचं काहीतरी करायचंय. नवऱ्याला काहीच सांगितलं नाही, कारण त्याने विचारलंच नाही, तो म्हणाला, "तू बघ." मला चांगला कडकडून भांडायचा मूड होता आणि हा माणूस म्हणतो, तू बघ. स्वतःच्या पायावर उभं राहायचं म्हणून मी नोकरी सोडली आणि थेट नवऱ्याच्या पगारावर आले, ह्यात नक्की काय साधलं ते मला उमगत नव्हतं. ऑफिसात असताना निदान चिडायला माणसं होती. सोमवार नकोसा वाटायचा, पण सोमवार असायचा तरी. आता सगळे वार सारखे. पुस्तक हातात असेपर्यंत मी खुशीत असायचे, इतकी की चहा गार व्हायचा. पुस्तक दाबाखाली गेलं की डोक्यात सुरू व्हायचं: हे काम आहे की नुसता नाद?

नवरा म्हणायचा, एक टेबल घेऊ या, खाली बसून तुझी कंबर खरंच धरेल. मी दर वेळी टाळलं. जागा नाही म्हणायचे. खरं कारण मला माहीत होतं. टेबल घेतलं की हे पक्कं झालं असतं.

अशात ती वही आली. वसई गावातली, समुद्राच्या अंगाला असलेल्या वाडीतली एक ताई ती पिशवीत घालून घेऊन आली. साठीच्या पुढची, केळीच्या आणि फुलांच्या वाडीची मालकीण. मुलं नोकरीधंद्याला लागलेली, पण वाडी अजून हिच्या ताब्यात. वही तिच्या वडिलांची. शाईच्या पेनाने लिहिलेली, कोपरे कुरतडलेले, कणा पार गेलेला. "बाबांनी चाळीस वर्षं लिहिलीय," ती म्हणाली. "नवीन काही करू नकोस. फक्त पानं सुटता कामा नयेत."

ती माझ्याशी साधं मराठी बोलत होती, पण वही त्यांच्या घरच्या बोलीत होती. अक्षरं कळत होती, मजकूर निम्माशिम्मा. एवढं समजलं की वाडीत जे जे लावलं त्याची ती नोंद होती. केळीचे मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिल्लं, ते लोक विकत आणत नाहीत. एकाच्या वाडीतून दुसऱ्याच्या वाडीत देतात. पानवेल, सोनचाफा, अबोली, सगळं कुणाकडून तरी आलेलं. बाबांनी काय आलं, कुणाकडून आलं आणि पुढे ते जगलं की मेलं, एवढं लिहिलं होतं. गंमत म्हणजे प्रत्येक नावापुढे त्या माणसाचं काम होतं. अमुक सुतार. तमुक मास्तर. कुणी पोस्टातला, कुणी गाडीवाला.

"आमच्या आळीत एकेका नावाची चार-चार माणसं," ताई म्हणाली होती. "नुसतं नाव लिहून काय कळणार? बाबा कामावरून माणूस ओळखायचे."

ते ऐकून मी हसले होते. नंतर पानं शिवताना माझा हात मध्येच थांबायचा. समजा ह्या बाबांना मी एखादं रोप दिलं असतं, तर माझ्या नावापुढे त्यांनी काय लिहिलं असतं? चावीवाली?

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला. माझ्या जुन्या साहेब त्या, कडक पण सरळ बाई. माझ्याच विभागात जागा रिकामी झाली होती. "तू ये. तुझं टेबल खिडकीजवळ देते. गुरुवारी येऊन भेट आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत हो की नाही कळव, नाहीतर मला बाहेरचा माणूस घ्यावा लागेल."

खिडकीजवळचं टेबल मी सतरा वर्षं मागत होते. आता मिळत होतं, तर मला धड आनंदही होईना आणि धड रागही येईना. नवऱ्याला विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं तो काय म्हणणार. "तू बघ म्हणालास तर ताट फेकून मारीन," मी म्हटलं. त्याने दुसरी पोळी घेतली.

दोन दिवस माझं नुसतं तळ्यात-मळ्यात. एकदा वाटायचं, जावं. पगार स्वतःचा, कार्ड गळ्यात, कुणी "घरीच असतेस ना" म्हणणार नाही. एकदा वाटायचं, गेले तर हे सुईदोरे पुन्हा रविवारचे होणार आणि मग तेही सुटणार. कधी वाटायचं, मी उगाच मोठी गोष्ट करतेय. बायका ह्याहून अवघड निर्णय भाजी चिरता चिरता घेतात.

गुरुवारी सकाळी लवकर उठले. वहीची शिवण पूर्ण झाली होती, कणा चिकटवला होता, पुठ्ठा तेवढा बाकी होता. ती चटईवर पालथी ठेवली, वर कागदात गुंडाळलेली वीट. नळ उघडला. फुसफुसला. बादली लावली. बऱ्याच दिवसांनी ऑफिसचा ड्रेस इस्त्री केला, तो दंडात घट्ट होत होता, त्यात वेळ गेला. वॉचमन खालून म्हणाला, आज पाणी दुपारनंतर. खिळ्यांवरच्या सातही चाव्या सवयीने एका कडीत अडकवल्या, पर्समध्ये टाकल्या आणि निघाले.

अंधेरीच्या ऑफिसात सगळे छान वागले. इतके छान की मला संशय यायला लागला. मॅडमनी खिडकीजवळचं टेबल दाखवलं. बाहेर दुसऱ्या ऑफिसची काच आणि काचेत आमचीच इमारत. मी खुर्चीत बसून बघितलं. चांगली खुर्ची होती. "आणि तुझं ते छंदाचं चालूच ठेव शनिवार-रविवार," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते प्रेमाने म्हटलं, ह्यात शंका नाही. मला मात्र ते लागलं, आणि लागलं का, ते कळेना; मी स्वतःसुद्धा त्याला दुसरं काही म्हणत नव्हते. मी हसून "हो" म्हटलं. ते हो छंदाला होतं की नोकरीला, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. आमच्या समोरच्या काकू. गुडघ्यांनी बेजार, त्यामुळे दिवसभर घरात, दार उघडं टाकून खुर्चीत बसलेल्या.

"अगं, तुझ्या दाराखालून पाणी येतंय!"

मोरी, बादली, उघडा नळ, सगळं डोळ्यांसमोर आलं. ज्या चुकीसाठी सात घरांना नावं ठेवली, तीच मी करून आले होते.

"वॉचमनला सांगून व्हॉल्व्ह बंद केलाय गं," काकू म्हणाल्या, "पण आत तळं झालं असणार. तुझी चावी कुणाकडे आहे?"

मी पर्समधला जुडगा हातात घेतला. सगळ्यांच्या चाव्या होत्या त्यात. माझी एक माझ्याकडे, एक नवऱ्याकडे, आणि तो कामाला ठाण्याला. कुलपाबरोबर आलेली तिसरी चावी कपाटाच्या खणात, कुलपाच्या आत. कुणाला द्यावी असं मला कधी वाटलंच नव्हतं. मला वाटायचं, लोकांना माझी गरज आहे. मला कुणाची नाही. ह्यालाच मी स्वतंत्र म्हणत होते.

"कुणाकडेच नाही, काकू."

"मग आता?"

"कुलूप तोडा."

"अगं, पण..."

"तोडा! सुताराला बोलवा आणि तोडा. बाकी काही बघू नका, चटईवर वही आहे, आधी ती उचला. ती माझी नाही हो, काकू, ती माझी नाही!" मी ऑफिसात उभी राहून ओरडत होते. सगळे माना वळवून बघत होते.

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "कसली वही? ऑफिसची?"

"केळींची," मी म्हटलं आणि पर्स उचलून निघाले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

घरी पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. दाराचं कुलूप लोंबत होतं. आत दोन बायका केरसुणीने पाणी मोरीकडे लोटत होत्या. दोघींच्याही घराच्या चाव्या माझ्या पर्समध्ये होत्या. मी घरीच असते, म्हणून त्या दार नुसतं ओढून जातात, दुसरी चावी जवळ ठेवत नाहीत. त्या ऑफिसातून आल्या, तर दार उघडता येईना, म्हणून तशाच पर्स खांद्याला लावून माझं घर उपसायला लागल्या. माझी मान वर होईना. एकीने मला बघितलं आणि फक्त म्हणाली, "वेंधळीच आहेस." मी हे तिला कितीदा मनातल्या मनात म्हटलं होतं.

वही काकूंच्या पलंगावर होती. पंखा सोडलेला, पानापानांत त्यांनी काकांचं जुनं धोतर फाडून पट्ट्या घातल्या होत्या. शिवण धरून राहिली होती. वरची सगळी पानं वाचली, कडा तेवढ्या ओलावल्या. पण खालची दोन पानं पाण्यात बसली होती. एक कोरं. दुसऱ्यावर निळं धुकं पसरलेलं, आणि मधूनमधून एखादी वेलांटी.

मी पलंगाशी बसून रडले. काकूंनी पाठीवर हात ठेवला, पण समजूत घातली नाही, ते बरं झालं. रात्री नवऱ्याने येताना नवीन कुलूप आणलं. त्यालाही तीन चाव्या. तिसरी मी काकूंना नेऊन दिली. त्यांनी ती देव्हाऱ्याच्या खिळ्याला अडकवली आणि विचारलं, "म्हणजे आता तू रोज जाणार ना ऑफिसला?"

"माहीत नाही हो," मी म्हटलं. त्या क्षणी माझ्याकडे तेवढं एकच खरं उत्तर होतं.

शुक्रवारी सकाळी मॅडमना फोन करायचा होता. तो न करता मी वही घेऊन वसईला गेले. आधी हे, मग ते, असं स्वतःला बजावलं. वाटेत मनाशी ठरवलंसुद्धा: ताईने चार शब्द सुनावले की सरळ ऑफिसला हो कळवायचं. ज्या बाईला दुसऱ्याची वही सांभाळता येत नाही तिने विम्याचे कागद तपासावेत. निर्णय दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची मला घाई झाली होती.

ताई विहिरीजवळ अबोली खुडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नळ, बादली, ऑफिस, काहीच लपवलं नाही. तिने हात लुगड्याला पुसले, वही घेतली, ते पान उघडलं आणि त्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता सुनावेल. तिने डोळे पुसले आणि मला ओसरीवर बस म्हणाली.

"हे पान ह्या विहिरीजवळच्या राजेळी केळीचं," ती म्हणाली. "बाबा मला वाचून दाखवायचे. पाठ आहे. मी सांगते, तू लिही. आणि मग ह्याच जागी शिव."

"मी? माझं अक्षर कशाला? तुमच्या घरातलं कुणी..."

"घरातले येतात रविवारी आणि जातात. लिही."

नवा कागद माझ्या पिशवीत होता. ती डोळे मिटून तिच्या बोलीत सांगायला लागली आणि मी ऐकू येईल तसं लिहायला लागले. निम्मं कळत होतं, निम्मं नाही. एका शब्दाला अडले, अर्थ विचारला, तर ती उठून मला केळीपाशी घेऊन गेली आणि बुंध्याला हात लावून दाखवलं. मला तरीही नीट कळलं नाही. पण लिहिलं. सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुराखाली आद्याक्षरं घालत आले होते. आख्खं पान कुणी माझ्याकडून लिहून घेतलं नव्हतं.

"झालं," ताई म्हणाली. "आता खाली लिही, हे पान कुणी लिहिलं. नाव, आणि पुढे काम. बाबांची पद्धत मोडायची नाही."

नाव लिहिलं. पेन थांबलं.

गृहिणी लिहावं, तर ते ह्या पानाला लागू पडेना. विमा कंपनी लिहावं, तर ते कालपरवाचं, किंवा संध्याकाळनंतरचं. बाइंडर, तर तो म्हातारा माणूस होता, पन्नास वर्षं काम केलेला, मी कोण? माझ्याकडे साधं टेबल नाही. विहिरीवर पंप सुरू झाला, बंद झाला. ताई वाट बघत होती.

"काय झालं?" तिने विचारलं. "काम नाही का काही?"

अगदी साधेपणाने विचारलं तिने. तिच्या मनात काही नव्हतं. पण मला असा राग आला की कानशिलं तापली. तिचा नाही. दोन वर्षं मी हाच प्रश्न स्वतःला विचारत होते आणि एकदाही चिडून उत्तर दिलं नव्हतं. मी पेन टेकवलं आणि लिहिलं: पुस्तकं बांधणारी, मनवेलपाडा.

ताईने वाचलं. मान हलवली, जशी सुतार किंवा मास्तर वाचून हलवली असती. मग म्हणाली, "पुठ्ठा जाड घाल."

वाडीच्या फाटकाशी उभं राहून मी मॅडमना फोन लावला. येत नाही म्हणून सांगितलं. आपण चुकतोय असं अर्ध्याहून जास्त वाटत होतं. त्यांनी कारण विचारलं.

"मॅडम, मी एका ठिकाणी लिहून दिलंय."

"अगं, मग काल बोलायचंस ना. दुसरीकडे जॉइन झालीस?"

मी थोडा विचार केला. "बहुतेक," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि परतीची बस धरली. बसमध्ये दोनदा वाटलं, पुन्हा फोन करावा, सांगावं, गोंधळ झाला. केला नाही. करायचा नाही असं ठरवलं होतं असंही नाही. सगळ्या वाटेत मी फक्त एवढाच विचार करत होते की हॉलमध्ये टेबल कुठल्या भिंतीला लावलं तर खिडकीचा उजेड डावीकडून येईल.

घरी पोचले तेव्हा जिना कोरडा होता. पाणी येऊन गेलं होतं. कुलूप उघडून आत गेले, तर मोरीत दोन्ही बादल्या काठोकाठ भरलेल्या होत्या, वर ताटल्या झाकलेल्या, आणि नळ घट्ट बंद होता.